रशियात एमबीबीएसला जायचंय? शेवटच्या पायरीपासून उलटं मोजा

नीटचा निकाल लागला की आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत दोन प्रकारची गर्दी वाढते. एक तापाची, कारण तेव्हाच पाऊस सुरू झालेला असतो. दुसरी, हातात गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आलेल्या आईवडिलांची. पत्रकावर कांद्याच्या आकाराचे घुमट, बर्फ आणि पांढऱ्या ॲप्रनमधली हसरी पोरं. "मॅडम, तुम्ही तिकडूनच केलं ना? आमच्या पोराला पाठवावं का?"

मी २०१३ साली परभणी जिल्ह्यातून वोल्गाकाठच्या एका शहरात गेले आणि २०१९ मध्ये पदवी घेऊन परतले. एफएमजीईत, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांना भारतात नोंदणीसाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेत, पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. हे सगळं दरवर्षी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून आता एकदाच लिहून काढतेय. मी रशियातच शिकले, त्यामुळे लिहिणार रशियाबद्दलच. भारतातल्या नोंदणीचे नियम मात्र जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, कुठेही गेलात तरी तेच आहेत.

पाठवावं की नाही, याचं उत्तर मी देत नाही. एवढंच सांगते की एजंट ज्या क्रमाने सांगतो (आधी प्रवेश, मग व्हिसा, मग "पुढचं पुढे बघू") त्या क्रमाने विचार करू नका. महाराष्ट्रात डॉक्टर म्हणून नोंदणी होताना टेबलावर कोणते कागद ठेवावे लागतात ते आधी बघा आणि तिथून मागे मागे या.

१. आधी शेवटचा नियम वाचा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम लागू केले. त्याआधी गेलेल्या माझ्यासारख्यांना जुने, सैल नियम होते. म्हणून "आमच्या गावचा अमका आला की डॉक्टर होऊन" हा दाखला तुमच्या कामाचा नाही, माझा दाखलाही नाही. आताच्या अटी अशा:

- अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा.
- त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी.
- सगळं शिक्षण एकाच संस्थेत झालं पाहिजे. मध्येच देश किंवा कॉलेज बदललं की गणित मोडतं.
- त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता हवी.
- प्रवेशाच्या तारखेपासून १० वर्षांच्या आत सगळं पूर्ण व्हायला हवं.
- भारतात परतल्यावर परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

यातली दुसरी आणि चौथी अट नीट वाचा, कारण रशियातली खरी गोम तिथे आहे. तिथला अभ्यासक्रम सहा वर्षांचा. पूर्वी पदवीनंतर एक वर्षाची 'इंतेर्नातुरा' असायची, ती पद्धत २०१६-१७च्या सुमारास बंद झाली. आता सहाव्या वर्षाच्या शेवटी राज्य परीक्षा होते आणि नंतर 'पेर्विच्नाया अक्रेदितात्सिया' म्हणजे प्राथमिक मान्यता. ती मिळाली की तिथला पदवीधर बाह्यरुग्ण विभागात फिजिशियन म्हणून काम करू शकतो. त्यामुळे विद्यापीठाला ईमेलने तीन प्रश्न विचारा. इंटर्नशिपचे १२ महिने तुम्ही कुठे आणि कसे दाखवता? त्याचं वेगळं प्रमाणपत्र देता का? परदेशी विद्यार्थ्यांना अक्रेदितात्सियाला बसता येतं का, आणि कोणत्या भाषेत? उत्तर लेखी हवं, विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून हवं, आणि ते सहा वर्षं जपून ठेवायचं.

२. पात्रता आणि पैसा

नीट पात्र असणं बंधनकारक आहे. "नीटशिवाय प्रवेश" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात.

पैशाचं माहितीपत्रकात एकच वर्ष लिहिलेलं असतं, तेही पहिलं. तुम्ही आठ वर्षांचा हिशोब मांडा. सहा वर्षांची फी, वसतिगृह, विमा, जेवण, दर एक-दोन वर्षांनी विमानाचं तिकीट, दरवर्षीची व्हिसा मुदतवाढ, परतल्यावर एफएमजीईचा क्लास आणि ते सहा-बारा महिने घरी बसून अभ्यास. अठराव्या वर्षी गेलेलं पोर पहिल्या फटक्यात सगळं पास झालं तरी सव्वीसाव्या वर्षी कमावतं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न, आजोबांचं ऑपरेशन, दोन वर्षांचा दुष्काळ हे सगळं त्या आठ वर्षांत येणार आहे, असं धरूनच बेरीज करा.

आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न: सातबारा ठेवून कर्ज मिळेल का? शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर बँका तारण मागतात आणि शेतजमीन घ्यायला सहसा तयार नसतात, कारण बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याने शेतजमीन जप्त करता येत नाही. गावठाणातलं घर, एनए प्लॉट, मुदत ठेव हे चालतं. बँकेने नाही म्हटलं म्हणून सावकाराकडे जमीन लिहून देणारी दोन घरं मला माहीत आहेत. त्यातल्या एका घरचा मुलगा तिसऱ्या वर्षी परत आला.

परदेशी पैसे पाठवताना पॅन कार्ड लागतं. आर्थिक वर्षात स्वतःच्या खिशातून पाठवलेली रक्कम १० लाखांच्या वर गेली की वरच्या भागावर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण विवरणपत्र भरावं लागतं. शेतकरी आईवडील बहुतेक वेळा भरत नाहीत आणि पैसे तसेच राहतात.

आणखी एक अडचण माझ्या वेळी नव्हती. मार्च २०२२पासून भारतातली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. पहिल्या दिवशी विमानतळावर एटीएमसमोर रडणारी पोरं मी फोनवर ऐकली आहेत. सोबत रोख डॉलर न्या, बँकेतून घेतल्याची पावती जवळ ठेवा, १०,००० डॉलरच्या वर असतील तर रशियन सीमाशुल्काकडे घोषित करा, आणि तिथे पोचल्यावर स्थानिक बँकेत खातं उघडा. विद्यापीठाची फी कोणत्या बँकेत, कोणत्या मार्गाने स्वीकारली जाते ते निघायच्या आधी विचारा.

३. एजंटसमोर बसल्यावर

सगळे एजंट चोर नसतात. माझा बरा होता, विमानतळावर गाडी पाठवली होती. पण त्याने 'एमसीआय मान्यताप्राप्त विद्यापीठ' असं छापलेलं पत्रक दिलं होतं (एमसीआय म्हणजे एनएमसीच्या आधीची भारतीय वैद्यकीय परिषद). आज तसंच पत्रक 'एनएमसी मान्यताप्राप्त' म्हणून फिरतं, आणि अशी कोणतीही यादी आयोग काढत नाही. 'वर्ल्ड डिरेक्टरीत', म्हणजे जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांच्या यादीत, 'नाव आहे' हेही ऐकाल. त्या यादीत नाव असणं म्हणजे ते कॉलेज अस्तित्वात आहे, एवढंच. चांगलं आहे असं नाही.

त्याच्याकडे एकच कागद मागा: 'दोगोवोर'. विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातला करार. त्यात वर्षाची फी रुबलमध्ये लिहिलेली असते आणि ती दरवर्षी किती वाढू शकते तेही असतं. एजंट डॉलरमध्ये सांगतो तो आकडा आणि दोगोवोरमधला रुबलचा आकडा शेजारी लिहून पाहा. आमच्या बॅचमध्ये हा उद्योग दुसऱ्या वर्षी एका नागपूरच्या मुलीने केला. त्यानंतर निम्म्या वर्गाने फी थेट विद्यापीठात भरायला सुरुवात केली.

मूळ गुणपत्रिका एजंटकडे मुक्कामाला ठेवू नका. "सगळ्यांच्या आमच्याकडेच असतात" हे वाक्य ऐकलं की समजा, पुढे पैशावरून वाद झाला तर तुमची बारावी त्याच्या कपाटात असेल.

जमलं तर त्या विद्यापीठात आत्ता चौथ्या-पाचव्या वर्षाला असलेल्या, एजंटने न गाठून दिलेल्या विद्यार्थ्याशी बोला. त्याला इमारत कशी आहे ते विचारू नका. आठवड्यात किती वेळा वॉर्डात जाता, रुग्णाला हात लावू देतात का, चौथ्या वर्षापासून शिक्षक कोणत्या भाषेत बोलतात, हे विचारा.

४. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

लागणारे कागद:

- पासपोर्ट, दीड-दोन वर्षं मुदत शिल्लक असलेला
- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- नीटचं गुणपत्रक आणि प्रवेशपत्र
- जन्मदाखला
- राखीव प्रवर्गातले असाल तर जातीचा दाखला
- वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र आणि एचआयव्ही चाचणीचा अहवाल
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, भरपूर. मी बारा नेले होते, पहिल्याच आठवड्यात संपले.

शैक्षणिक कागदांवर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, होतो. त्यानंतर रशियन भाषांतर आणि त्यावर नोटरी. विद्यापीठ अनेकदा मूळ कागद फाइलीत ठेवून घेतं, म्हणून निघण्याआधी बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून दुय्यम प्रत काढून ठेवा. परभणीकरांसाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. एक दिवस मोडतो, पण मोडा.

आता नावाचं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. त्यात इंग्रजी स्पेलिंग कुठे एक 'ए' तर कुठे दोन. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घेतल्याशिवाय अपोस्टिलला हात लावू नका. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्या.

दुसरा घोळ रशियन लिपीत होतो. रशियनमध्ये 'ह' नाही. 'हर्षद'चा कुणी 'खर्शाद' करतो, कुणी 'गर्शाद'. 'जाधव'चा 'द्झादखाव' होतो किंवा थेट 'यादखाव'. व्हिसावर एक, भाषांतरात दुसरं आणि सहा वर्षांनी पदवीवर तिसरं, असं झालं तर प्रत्येक खिडकीवर "हा मीच" हे सिद्ध करत बसावं लागतं. उपाय सोपा आहे: व्हिसावर जसं रशियन नाव आलं असेल त्याची झेरॉक्स भाषांतरकाराला द्या आणि "अगदी असंच" म्हणून सांगा.

वडिलांचं नाव लावण्याची आपली सवय मात्र तिथे उपयोगी पडते. रशियन माणूसही नाव, वडिलांच्या नावावरून झालेलं नाव आणि आडनाव असं लिहितो. शिक्षकांना हाक मारताना पहिली दोन घ्यायची: मरिया इवानोव्ना, सेर्गेय पेत्रोविच. 'सर' आणि 'मॅडम' म्हणालात तर समोरचा गोंधळतो.

५. व्हिसा आणि पहिला आठवडा

विद्यापीठाने दिलेलं प्रवेशपत्र म्हणजे व्हिसाचं निमंत्रण नव्हे. निमंत्रण, 'प्रिग्लाशेनिये', रशियाच्या गृहखात्याकडून निघतं आणि त्याला काही आठवडे लागतात. ते आल्यावर मुंबईच्या रशियन वाणिज्य दूतावासात अर्ज. वर्ग १ सप्टेंबरला सुरू होतात, पण आपली पोरं नोव्हेंबरातही पोचत असतात आणि शरीररचनाशास्त्राची अर्धी हाडं तोवर होऊन गेलेली असतात. त्यामुळे जुलैमध्ये कागद तयार हवेत.

पहिला व्हिसा थोड्या मुदतीचा असतो, नंतर तिथेच वाढवून मिळतो. उतरल्यावर मिळणारी मायग्रेशन कार्डाची चिठ्ठी पासपोर्टात टाचून ठेवा. सात कामाच्या दिवसांत पत्त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती वसतिगृह किंवा विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी विभाग करतो, पण कागद वेळेत नेऊन द्यायचे तुम्ही. सुट्टीत भारतात येऊन परत गेलात की पुन्हा नोंदणी. हे दुसऱ्या वर्षी विसरतात आणि दंड भरतात. २०२१च्या अखेरीपासून लांब मुक्कामाच्या परदेशी लोकांना बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणीही बंधनकारक झाली आहे. व्हिसा संपण्याच्या दीड-दोन महिने आधी पासपोर्ट मुदतवाढीला द्या. पासपोर्ट तिकडे असताना तुम्ही शहराबाहेर जाऊ शकत नाही, सहलीचं तिकीट आधी काढू नका.

परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नाव नोंदवा. आणि एक गोष्ट ठळकपणे: रशियन भाषेतल्या कोणत्याही नोकरीच्या करारावर, कितीही पगार सांगितला तरी, सही करू नका. सैन्यात मदतनीसाचं काम म्हणून भारतीय तरुणांना ओढल्याची प्रकरणं झाली आहेत, काही जण तर विद्यार्थी व्हिसावर गेलेले होते. परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत.

६. रशियन शिका. इंग्रजी माध्यम असलं तरी

हा भाग लांब होणार आहे, कारण माझी चूक इथेच झाली.

एजंट म्हणतो, "सगळं इंग्रजीत आहे, टेन्शन घेऊ नका." वर्गात ते खरं असतं. पण इस्पितळातल्या कॉटवरच्या सत्तर वर्षांच्या बाबुश्काला, म्हणजे आजीला, इंग्रजी येत नाही. तिसऱ्या वर्षापासून वॉर्ड सुरू होतात. शिक्षक तिच्याशी पाच मिनिटं बोलतो, आपण दहा जण मागे उभे. मग तो आपल्याकडे वळून इंग्रजीत दोन वाक्यं सांगतो. त्या पाच मिनिटांत जे वैद्यकशास्त्र होतं ते तुम्हाला कळलेलंच नसतं. मी पूर्ण तिसरं वर्ष असं मागे उभं राहून काढलं. आमच्यातल्या तिघा जणांना रशियन येत होतं, शिक्षक फक्त त्यांना पुढे बोलवायचा आणि रुग्णाच्या पोटावर हात ठेवायला लावायचा. मला वाटायचं हा पक्षपात आहे. खरं तर त्या बाईला मी काय विचारणार होते?

सुरुवात भारतातूनच करा. अक्षरं ३३, दोन आठवड्यांत येतात. फसवतात ती ओळखीची दिसणारी: इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'एच'सारखं ते 'न', 'सी'सारखं ते 'स'. 'रेस्तोरान'ची पाटी आम्ही पहिला महिनाभर 'पेक्टोपा' वाचत होतो आणि हा पेक्टोपा कोण, याची किती दुकानं आहेत, असं आश्चर्य करत होतो.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एवढं तरी तोंडात बसलेलं असावं:

- ना श्तो झालुयेत्येस? — काय त्रास होतोय?
- ग्द्ये बालित? — कुठे दुखतं?
- काक दाव्नो? — किती दिवसांपासून?
- दिशीत्ये, ने दिशीत्ये — श्वास घ्या, श्वास रोखा
- दाव्लेनिये, तेम्पेरातुरा, काशेल — रक्तदाब, ताप, खोकला

हे नुसतं पाठ करून भागत नाही, कारण प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तर ती देते. त्यासाठी बाजारात, बसमध्ये, वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजीशी बोला. आमच्या दारावरच्या आजीला गुडघेदुखी होती आणि मला तिचा सगळा इतिहास तोंडपाठ झाला. माझी पहिली केस हिस्ट्री तिचीच म्हणायला हरकत नाही. आपल्या पोरांचा तोटा हा की तीनशे भारतीय एकाच वसतिगृहात असतात. सकाळी हिंदी, संध्याकाळी मराठी आणि रात्री घरी व्हिडिओ कॉल. रशियन बोलायची गरजच पडत नाही.

७. बिलेत, झाचोत, ओत्राबोत्का

आपल्या विद्यापीठांसारखा तीन तासांचा लेखी पेपर फारसा नसतो. टेबलावर उलट्या ठेवलेल्या चिठ्ठ्या असतात, एक उचलायची. ते 'बिलेत'. त्यावर तीन-चार प्रश्न. थोडा वेळ विचार करायला मिळतो आणि मग प्राध्यापकासमोर बसून बोलायचं. गुण दोन ते पाच. पाच उत्तम, तीन काठावर, दोन म्हणजे नापास. जिथे गुण नाहीत, नुसतं पास-नापास, तो 'झाचोत'. सगळ्याची नोंद एका छोट्या वहीत, 'झाचोत्का'त. काही ठिकाणी आता ती ऑनलाइन झाली आहे.

बुडवलेल्या प्रत्येक वर्गाची भरपाई करावी लागते, तिचं नाव 'ओत्राबोत्का'. आजारी होतात? डॉक्टरचं पत्र आणा, तरीही विषय तयार करून शिक्षकाला तोंडी द्या. दहा साठल्या की सत्राच्या परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षेत दोनदा-तीनदा पडलं की नाव कमी करतात, आणि नाव कमी झालं की व्हिसाही जातो. "तिकडे पैसे देऊन पास होतं" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. समजा एखाद्याने केलंच. त्याची झाचोत्का पाच-पाचने भरेल आणि तो एफएमजीईत बसेल, जिथे पैसे घेणारं कुणी नाही.

शरीररचनाच्या वर्गाला ॲप्रन, टोपी आणि बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या, 'बाखीली', लागतात. विसरलात तर दारातून परत.

८. थंडी आणि स्वयंपाकघर

थंडीची भीती उगाच. इमारतींना मध्यवर्ती उष्णता असते, उणे पंचवीसलाही खोलीत टी-शर्ट. कठीण काळ ऑक्टोबरच्या आधीचा, जेव्हा बाहेर गार झालेलं असतं आणि नळ्या अजून गरम केलेल्या नसतात. जाकीट आणि बूट तिथेच घ्या, आपल्याकडचे बर्फावर घसरतात. इथून छोटा कुकर, गोडा मसाला, हळद, हिंग आणि लोणचं न्या. मसूर तिथे 'चिचेवित्सा' नावाने मिळते, 'त्वोरोग' पनीरच्या जवळपास जातं, आणि ताकासारख्या आंबट 'केफिर'ला जिऱ्याची फोडणी दिली की कढी होते. रशियन रूममेटने ती पाहून कपाळाला हात लावला होता, नंतर दोन वाट्या प्यायली.

डिसेंबरात साडेतीन-चारला अंधार पडतो. तेव्हा मन बसतं, हे खरं आहे. ज्या पोराने तीन दिवस खोलीचं दार उघडलेलं नाही त्याचं दार वाजवा.

नद्यांशी खेळू नका. जून २०२४ मध्ये वेलिकी नोव्हगोरोदजवळ वोल्खोव नदीत जळगाव जिल्ह्यातले चार विद्यार्थी बुडून गेले. उन्हाळ्यातही ते पाणी थंड असतं आणि ओढ वरून दिसत नाही.

९. एफएमजीईचा अभ्यास तिसऱ्या वर्षापासून

३०० प्रश्न, एकाच दिवशी दोन भागांत, पास व्हायला १५०. चुकीला गुण कापत नाहीत. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. जागांची स्पर्धा नाही, १५० आणले की पास. तरी जून २०२३ मध्ये सुमारे १० टक्केच पास झाले आणि डिसेंबर २०२३, जून २०२४ मध्ये पाचात एक. 'आता (एफएमजीईच्या जागी) नेक्स्ट परीक्षा येणार' असं ऐकत आमच्या कितीतरी बॅचेस निघाल्या, तुम्ही त्याची वाट बघत अभ्यास पुढे ढकलू नका.

लोक का पडतात, तर पोरं मठ्ठ असतात म्हणून नाही. परीक्षा भारतातल्या आजारांची असते. पीएसएमला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाला, ३०० पैकी ३० गुण आहेत: राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रम, कुष्ठरोग, प्राथमिक आरोग्य केंद्राला किती लोकसंख्या. यातलं एक अक्षर रशियात शिकवत नाहीत, आणि का शिकवावं? न्यायवैद्यकात आपला कायदा येतो, तोही १ जुलै २०२४ पासून बदलला आहे, जुन्या नोट्समधली आयपीसीची कलमं खोडा. आणि साप-विंचू. प्राझोसिन मी तिथे रक्तदाबाचं औषध म्हणून शिकले. विंचूदंशावर ते वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी माणसं वाचवली, हे मला परभणीला क्लासच्या नोट्समध्ये कळलं, तेही पहिल्यांदा नापास झाल्यावर.

म्हणून दरवर्षी जो विषय तिथे शिकवतात तो त्याच वर्षी भारतीय पुस्तकातूनही वाचा आणि त्याचे जुने प्रश्न सोडवा. पीएसएम, नेत्र आणि कान-नाक-घसा चौथ्या वर्षी संपवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलात की जवळच्या शासकीय रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून नुसते मागे उभे राहा. त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, मोजलं जात नाही, तरी राहा. घोणस चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त कसं येतं ते पुस्तकात काळं-पांढरं असतं.

१०. परत येताना आणि आल्यावर

पदवी मिळाली की विमानाचं तिकीट काढायची घाई होते. थांबा. 'दिप्लोम' आणि सोबतची गुणांची 'प्रिलोझेनिये', दोन्हींवर अपोस्टिल रशियातच होतं. भारतात आल्यावर ते करायला माणूस तिकडे पाठवावा लागतो किंवा एजंटला पुन्हा पैसे. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाच्या महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा उल्लेख असलेलं विद्यापीठाचं पत्र, अक्रेदितात्सियाचा कागद, विद्यापीठाने पूर्वी ठेवून घेतलेली तुमची बारावी, हे सगळं हातात आल्यावरच निघा. पासपोर्टवरचे सगळे शिक्के स्कॅन करा. तुम्ही खरंच तिथे राहून शिकलात याचा पुरावा तेच आहेत. जुना पासपोर्ट संपला असेल तर तोही जपा.

एफएमजीई पास झाल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग बारा महिन्यांची इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. एनएमसीच्या २०२२च्या परिपत्रकानुसार कॉलेजांनी परदेशी पदवीधरांकडून इंटर्नशिपसाठी पैसे घ्यायचे नाहीत, आणि त्यांच्यासाठी एकूण जागांच्या वर साडेसात टक्के जागा आहेत. जागा कमी आणि रांग मोठी, त्यामुळे निकालाच्या दिवशीच अर्जाचे कागद तयार ठेवा. मला तीन महिने वाट पाहावी लागली. एका कॉलेजात खिडकीवरच्या माणसाने माझी पदवी उलटी धरून "ही कोणती भाषा?" असं विचारलं होतं. नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर वर लावून ठेवा, पदवी खाली.

इंटर्नशिपचे पहिले पंधरा दिवस इथले इंटर्न तुमच्याकडे "रशियावाली" म्हणून बघतील. त्यांना सलाईन लावायचा हात बसलेला असतो, आपला नसतो. सिस्टरना सरळ सांगा, "ताई, मला शिकवा." माझ्या पहिल्या रात्रपाळीला शेतातून मण्यार चावलेला गडी आला होता आणि मला आधी 'ग्द्ये बालित' आठवलं. ताईंनी सीरमची बाटली माझ्या हातात दिली आणि पापण्या उचलून बघायला सांगितलं.